सोजरबाईचा बाप्तिस्मा

पास्टर शमुवेल यांनी रसाची चिमुकली पेली खाटेजवळच्या स्टुलावर ठेवली. वरचं सैल झाकण काढलं नाही.

सोजरबाईने मान वळवून वास घेतला. "कोणं बनवला?"

"आमच्या घरी."

"मनुका लय उकळल्या. करपट वास येते."

पास्टर हसले. महिन्याच्या पहिल्या रविवारी मंगरूळपीरच्या त्यांच्या छोट्या चर्चमध्ये प्रभुभोजन व्हायचं, आणि त्यासाठीचा काळ्या मनुकांचा रस इतकी वर्षं सोजरबाईच करत आली होती. गोडी किती उतरली हे ती वासावरून ठरवायची, चाखायची नाही. बाप्तिस्मा न झालेल्याने त्या रसाला ओठ लावायचे नाहीत, असा मंडळीचा नियम होता. पेल्यांचं ताट फिरत तिच्यापर्यंत आलं की ती ते दोन्ही हातांनी धरायची आणि शेजारच्या बाईकडे द्यायची.

आता अन्ननलिकेतल्या गाठीने चमच्याने पाजलेलं पाणी उतरेल एवढीच वाट ठेवली होती. अकोल्याच्या डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं होतं. घरी आल्यावर तिने पास्टरांना निरोप धाडला होता.

"घाला मले पाणी," ती म्हणाली. "नदीवर नेणं तं काई होत नाई आता. डोक्यावर ओंजळभर घातलं तरी चालते ना?"

"चालते." पास्टरांनी पिशवीतून एक कागद काढला. "फक्त इथं सही लागते, सोजरताई. सोखुशीनं घेतला म्हणून. अन् साक्षीदार म्हणून घरच्या एका माणसाची."

"पाण्याले कागद लागते काय?"

"देवाले नाई लागत. ठाण्यात लागते." त्यांनी आवाज खाली आणला. "मागल्या वर्षी एका म्हाताऱ्याले न लिहिता बाप्तिस्मा देल्ला. त्याच्या पुतण्यानं तक्रार केली, जबरदस्ती केली म्हणून. दिवसभर ठाण्यात बसून होतो. मंडळीच्या बाया बाहेर उन्हात उभ्या."

खिडकीपाशी सोजरबाईची मुलगी धम्मदीपा उभी होती. रुग्णालयात प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून तिची निवड झाली होती, अनुसूचित जातीच्या जागेवर. जात पडताळणी तेवढी बाकी होती. पथक घरी येऊन चौकशी करणार होतं; घरात कोणाला मानता, लग्नं कशी लागतात, मयताचं काय करता. ख्रिस्ती झालेल्या माणसाला त्या जागेवर हक्क उरत नाही, हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. मंडळीतली निम्मी माणसं म्हणूनच कागदावर बौद्ध होती.

"मी सही नाई करत," धम्मदीपा म्हणाली.

"तुहा बाप्तिस्मा नाई होऊन राह्यला, माहा होऊन राह्यला."

"एकाच घरात माय ख्रिस्ती अन् पोरगी बौद्ध, हे त्यायले कोण पटवून देईन? महिनाभर थांब, आई. पडताळणी होऊ दे. मंग मी सोता नदीवर नेतो तुले."

महिनाभर म्हणजे काय, हे तिघांनाही कळत होतं. धम्मदीपाला सगळ्यात नेमकं कळत होतं. आईच्या रक्ताचे रिपोर्ट तीच वाचत होती.

"मंग न लिहिता घाला," ती शेवटी पास्टरांना म्हणाली. "मी नाई करत तक्रार. शपथ घेतो."

"तू नाई करणार. तुहे काके आहेत, मामे आहेत." पास्टर बोटाने कागदाची घडी दाबत राहिले. "उद्या मयत कुठं न्यायची यावरून भांडण होईन. तवा मले इचारतीन, तू कोण पाणी घालणारा? मी एकटा असतो तं घातलं असतं, पोरी. माह्यामागं मंडळी आहे."

"मंडळीत मी नाई काय?" सोजरबाईने विचारलं.

पास्टरांनी डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली. ती लांबली. शेवटी त्यांनी तिच्या कपाळावर हात ठेवला. हात कोरडा होता. मग त्यांनी पेली रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवली, कागदही ठेवला.

"बुधवारी येतो, सोजरताई."

"या."

मोटारसायकलचा आवाज वळणापलीकडे गेला तरी धम्मदीपा दारातच उभी राहिली.

"पथक कवा येते?" आतून सोजरबाईने विचारलं.

"या आठवड्यात म्हणतात."

"तवा मले उशीले टेकून बसव. मी निजलेली दिसली तं ते शेजाऱ्यायले इचारतीन. शेजारी काईही सांगतीन."

"राहू दे ना, आई."

"इकडं ये. साहेब इचारतीन तसं इचार मले."

धम्मदीपा खाटेच्या काठावर बसली. तिने आईकडे पाहिलं नाही.

"तुमी चर्चमध्ये जाता काय?"

"नाई."

"लोकायनं तुमाले तिथं पाह्यलं म्हणतात."

"मी त्या लोकायले ओळखतच नाई."

धम्मदीपाने पदराच्या टोकाने आईच्या ओठांच्या कडेला आलेली लाळ पुसली. सोजरबाईने घसा साफ करायचा प्रयत्न केला. तो झाला नाही.

"पुन्हा इचार," ती म्हणाली. "आवाज लय बारीक निघाला."