वळसा

गाडीमागच्या ट्रेलरवरून ती नवी चिमुकली बोट पवना धरणाच्या पाण्यात सुळकन उतरली आणि हनुमंताच्या अंगाचा तिळपापड झाला. चौदा वर्षं त्यानं सोमणसाहेबांची मोठी बोट सांभाळली होती. आत दोन पलंग, स्वयंपाकाचा ओटा, संडाससुद्धा. वादळवाऱ्यात दोर तुटू नये म्हणून तो धक्क्यावर इरलं पांघरून बसून राहायचा. ती बोट साहेबांनी विकली, आणि त्याला कळलं कुणाकडून? मळवलीच्या चहावाल्याकडून!

"माझ्या गुडघ्यांना झेपत नव्हती रे ती," साहेब म्हणाले. "ही बघ, संध्याकाळी गाडीला जोडायची की पुण्याला, घरच्या पार्किंगमध्ये. तुझीही कटकट मिटली."

कटकट म्हणे! हनुमंत दात आवळून पुढच्या फळीवर जाऊन बसला. आज शेवटचं त्यानं रस्ता दाखवायचा होता. पाण्याखाली बुडालेलं गाव त्याचंच. कुठं भिंत आहे, कुठं विहिरीचा कठडा, त्याला सगळं पाठ.

पण तीही गरज कुठं उरली होती? साहेबांनी स्टिअरिंगजवळचा स्क्रीन दाखवला. मोठ्या बोटीवरच्या मशीननं त्याच्या सगळ्या फेऱ्या टिपल्या होत्या, त्या आता यात भरलेल्या. निळ्या पाण्यावर लाल रेघा. एका जागी मात्र प्रत्येक रेघ भला मोठा वळसा घेत होती. त्या जागेवर साहेबांनी लिहिलं होतं, खडक.

"या खडकापायी किती डिझेल जाळलंस तू! हिला दीड फूट पाणी पुरतं. आता सरळ वरून जायचं."

"सायेब, वळा."

"अरे, काही होत नाही."

"वळा म्हन्तो ना!"

साहेब हसले आणि त्यांनी वेग वाढवला. हनुमंत ताडकन उठला. वाकून त्यानं किल्ली फिरवली, उपटली आणि मुठीत धरली. इंजिन बंद पडलं. बोट अशी डुचमळली की साहेबांनी दोन्ही हातांनी कड धरली.

"डोकं फिरलंय का तुझं?"

"खडक न्हाई तितं. माजी भन हाय. हिरी नाव तिचं. दात यायच्या आदी गेली. तान्ह्या लेकराला आमी जाळत न्हाई, पुरतो. घरामागं परड्यात पुरली, वर आयेनं दगड ठिवला. पानी चढाय लागलं तवा देव वर नेले, भांडीकुंडी नेली, दारं-चौकटीबी नेल्या. तिला कोन नेनार? चौदा वर्सं तुमचं अख्खं घर बोटीवर नाचलं, पन तिच्या अंगावरनं एकदाबी नेलं न्हाई मी तुमास्नी!"

त्यानं चपला काढल्या, वल्हं उचललं आणि बोट हातानं वळवली. लाल रेघ होती तस्साच वळसा, तेवढाच मोठा. तो पुरा झाला.

मग साहेबांनी स्क्रीनवरचा खडक पुसला.

"इथे काय लिहू, हनुमंता?"

हनुमंतानं किल्ली त्यांच्यापुढं आपटली.

"लिवायचं काय न्हाई. वळायचं."