एक शब्द टाक ना

"एक शब्द टाक ना, मामा," भाची म्हणाली. "एकच."

मामा खिडकीपाशी कुंडीतली माती उकरत होता. तो विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवायचा आणि यंदा प्रवेश समितीवर होता. अर्ज हजारोंनी यायचे, घेत मूठभर. आठवडाभर भाचीच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. लेखी परीक्षा झकास गेली होती. मुलाखतीत मात्र एका प्रश्नाला ती अडखळली, आणि तेव्हापासून तिच्या तोंडची चवच गेली होती. निकाल उद्यावर आला होता.

"आमच्या कॉलेजातून दोघींना कुठले घ्यायला! एकीलाच घेतील. मी, नाहीतर गोगलगाय."

गोगलगाय म्हणजे तिची मैत्रीण. सावकाश बोलायची, म्हणून वर्गानं ठेवलेलं नाव. दोघींनी वर्षभर मैत्रिणीच्याच घरी अभ्यास केला होता. भाचीला एखादं गणित उमगलं नाही, तर मैत्रीण ते पुन्हा पुन्हा समजावायची. कधी कंटाळली नाही.

"हुशार आहे म्हणतात ती," मामा खाली मान घालूनच म्हणाला.

भाचीची जीभ घसरली. खरं तर, तिनं ती घसरू दिली.

"कसली हुशार! तिचा प्रकल्प तिच्या दादानं करून दिलाय. दिसते तशी नाही ती, मामा. गोगलगाय नि पोटात पाय!"

मामाचे हात थांबले. मातीचे हात तसेच ठेवून तो खुर्चीवर बसला.

"तुझं नाव निघालं तेव्हा मी उठून बाहेर जाऊन बसलो," तो म्हणाला. "भाचीसाठी मी बोलणं बरं नव्हे. निकाल आजच लागलाय, तासाभरापूर्वी. हात धुऊन तुला फोन करणारच होतो, तेवढ्यात तू आलीस. दोघींनाही घेतलंय."

भाचीला हसू आलं नाही.

"पण आता तू हे सांगितलंस. मला ते समितीपुढे ठेवावं लागेल. चौकशी होईल, तिचा प्रवेश थांबेल. खरं आहे ना ते?"

तिचे कान तापले. त्याच प्रकल्पासाठी तळ्याच्या कडेला गुडघाभर चिखलात उतरून पाण्याच्या बाटल्या भरणारी मैत्रीण तिनं डोळ्यांनी पाहिली होती. तिच्या चपला हातात धरून काठावर हीच तर उभी होती.

"नाही," ती पुटपुटली.

"ऐकू नाही आलं."

"खोटं आहे. मी खोटं बोलले."

मामा रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता उठून नळाकडे गेला.

"जा," पाठमोराच म्हणाला. "तिला बातमी तू दे."

वाटभर भाची वाक्यं जुळवत होती. एकही धड जमलं नाही. दार मैत्रिणीनंच उघडलं. भाचीचा उतरलेला चेहरा पाहून तिनं पटकन तिचे दोन्ही हात धरले.

"निकाल लागला," भाची कशीबशी म्हणाली. "तुझं..."

"माझं राहू दे गं," मैत्रीण नेहमीच्या सावकाश आवाजात म्हणाली. "आधी सांग, तुझं झालं ना?"