पूर्वेचं दार

दादासो गवंड्यानं भिंतीला ब्रेकर लावला, तशी स्वरूपा हात पसरून सर्व्हरच्या पुढं उभी राहिली. "अहो दादा, थांबा! आधी मशीन बंद तरी करू द्या!"

"थांबायचं न्हाय," मागून चेअरमन विजयसिंहांचा आवाज आला. "मुहूर्त सव्वाअकरापर्यंतच हाय."

साखर कारखान्याची निवडणूक दोन महिन्यांवर आली होती. बारामतीच्या कुणा वास्तुवाल्यानं साहेबांना सांगितलं होतं, केबिनचं दार पूर्वेला काढा, नाहीतर खुर्ची गेलीच म्हणून समजा. आणि केबिनच्या पूर्वेला होती सर्व्हरची खोली. तिथं लोखंडी कपाटाएवढं यंत्र, आणि त्यात पाच हजार सभासदांच्या उसाच्या नोंदी. ज्यानं ऊस आधी लावला, म्हणजे ज्याची लागण आधी, त्याची तोड आधी. ज्याचा नंबर मागं, त्याचा ऊस एप्रिलपर्यंत फडात वाळत उभा. यंत्र गेलं तर भाऊ भावाच्या उरावर बसणार, एवढं साधं होतं. ते सांभाळायला कोण? तर करारावरची स्वरूपा. नोकरीला लागून तिला सहा महिने झाले होते, आणि तिला कायम करायचा विषय सोमवारच्या संचालकांच्या बैठकीत होता.

"साहेब, आत धूळ गेली तर..."

"धुळीला काय भ्यायचं? आपण मातीतली माणसं!"

बरं, यंत्र बंद करू द्या, तर तेही नको. कामकाज थांबलं म्हणून विरोधक बोंबलतील. मग साहेबांना स्वतःलाच युक्ती सुचली. गाडीत शेततळ्याचा प्लॅस्टिक कागद पडला होता. तो त्यांनी आणवला, चालू यंत्राला खालीवर गुंडाळायला लावला आणि सुतळीनं करकचून आवळला. बॅकअपची डिस्कही सुरक्षित राहावी म्हणून आतच ठेवली. एसी त्याच भिंतीवर होता, तो आधीच उतरवला होता.

"ह्यातनं थेंबभर पाणी जात न्हाय, धूळ कुठली जातीय!" साहेब म्हणाले. सोबत आलेल्या संचालकांनी माना डोलावल्या.

"साहेब, हवापण जाणार नाही."

"हवा कशाला लागतीय? ते काय माणूस हाय?"

सगळे खो खो हसले. स्वरूपाला बाहेर बसवलं. चार तास ब्रेकर धडधडला, भिंतीबरोबर यंत्रही थडथडत राहिलं. दार मात्र झकास निघालं. साहेब त्यातून तीनदा आत गेले, तीनदा बाहेर आले, फोटो निघाले. मग सुतळी सोडली, तर आतून करपल्याचा वास आला.

बारामती एमआयडीसीतून मोटारसायकलवर मेकॅनिक आला. त्यानं झाकण उघडलं आणि कपाळाला हात लावला. "आंबे पिकवायला अढीत दाबतात तसं दाबलंय की हे! डिस्कपण गेली. काही निघायचं नाही ह्यातून."

बातमी निरवांगीपासून निमगाव केतकीपर्यंत पोचली. कारखान्याच्या शेतकी ऑफिसनं सभासदांना लागणीच्या तारखा तोंडी विचारायला सुरुवात केली. झालं! लागणीचा हंगाम एक जुलैला सुरू होतो, म्हणून जो तो म्हणे, माझी लागण एक जुलैची. अख्ख्या तालुक्यानं एकाच दिवशी लागण केली असती, तर बेण्याला कांडं मिळालं नसतं.

सोमवारी बैठक भरली. खिडक्यांना सभासद लटकले होते. साहेबांनी एक टाईप केलेला कागद स्वरूपापुढं सरकवला. 'माझ्या निष्काळजीपणामुळे सभासदांच्या नोंदी नष्ट झाल्या. सबब राजीनामा देत आहे.'

"कर सही."

स्वरूपाच्या अंगाची लाही लाही झाली. भिंत ह्यांनी फोडायची, कागद ह्यांनी गुंडाळायचा, आणि निष्काळजीपणा हिचा! पण पंधरा संचालकांपुढं तिचं कोण ऐकणार? तिनं पेन उचललं.

तेवढ्यात गेणबा आत आला. वय सत्तावन्न, हुद्दा चिटबॉय. बांधावर जाऊन लागणीची नोंद घ्यायची, हे त्याचं तीस वर्षांचं काम. त्यानं युरियाचं पोतं टेबलावर उपडं केलं. वह्या पडल्या.

"कॉम्प्युटरात भरायच्या आधी आमी ह्यात लिवतो. परत्येक नोंदीवर सभासदाची सही न्हायतर अंगठा हाय."

"आरं, मग आठ दिवस कुठं होतास?"

"कुणी इचारलंच न्हाय."

साहेबांचा चेहरा उजळला. ते उठून खिडकीकडं वळले. "बघा मंडळी! माझ्या काळात एक नोंद गेली न्हाय! स्वरूपा, वाच मोठ्यानं."

"पोरी, साहेबांचंच काढ की आधी," खिडकीतून निरवांगीची साखरबाई म्हणाली. "दरसाल पहिली तोड त्यांचीच असतीया."

"काढ, काढ," साहेब म्हणाले. तीन वर्षं कोयता पहिला त्यांच्याच फडात शिरत होता. कॉम्प्युटरातली तारीख त्यांच्या एका फोनवर बदलली जायची. आपली लागण खरंच सगळ्यांच्या आधी होते, असं आता त्यांना स्वतःलाही वाटायला लागलं होतं.

वह्या लागणीच्या तारखेप्रमाणं लिहिलेल्या होत्या. स्वरूपानं पहिली वही चाळली. नाव नव्हतं. दुसरीत नव्हतं, तिसरीत नव्हतं. सापडलं ते शेवटच्या वहीत, शेवटच्या पानावर. तिनं मोठ्यानं वाचलं. "विजयसिंह, साठ एकर. लागण अठ्ठावीस ऑगस्ट. खाली त्यांचीच सही."

खिडकीतली माणसं ती सही बघायला आत वाकली.

"खोटंय हे!" साहेब ओरडले. "कॉम्प्युटरात माझा नंबर पहिला होता!"

"व्हता की," गेणबा म्हणाला. "पन त्यो फकस्त कॉम्प्युटरातच व्हता."

स्वरूपानं पेन खाली ठेवलं आणि तो टाईप केलेला कागद साहेबांकडं परत सरकवला.

"साहेब, सभासदांच्या नोंदी तर सगळ्या सापडल्या. गेली ती तुमची एकट्याची. मग राजीनामा कुणाच्या नावानं लिहू?"