रुमालाखालचा हात

“काका, आमची घोडी गाभण हाय का?” मैत्रिणींनी पैज लावलेली: म्हसाच्या यात्रेत व्यापाऱ्याला हे मोठ्यानं विचारून दाखव. विचारलं! सगळे बाप्ये हसले. “गप गो!” आई पुटपुटली. वरातीत धापा टाकते म्हणून बाबा घोडी विकत होते. रुमालाखाली त्यांची आणि व्यापाऱ्याची बोटं भाव ठरवत होती. तिथं बाईचा हात जात नाही. व्यापारी मात्र हसला नाही. मघाशी घोडीचं पोट चाचपून त्यानं घाईनं रुमाल का पसरला, ते मला कळलं. मी तिथंच तळहात टेकवला. आतून लाथ बसली! “बाबा, बघा!” बाबांनी रुमालातून हात काढून पोटावर ठेवला. मग खदखदून हसले. “आन मी समजतोय गवतानं सुटलंय!” सौदा मोडला. “आता घोडी आन शिंगरू, दोघांचं कोण करणार?” आईनं विचारलं. “मी,” मी म्हटलं, “आन पुढच्या सौद्याला रुमालाखाली हात माझा असेल.”