एफीमावशीच्या माश्या

"किती वेळ झुंजला?" एफीमावशीनं विचारलं.

"अर्धा तास तरी," वॉटी म्हणाला. "कर्नलसाहेबांचा पार दम निघाला."

"मागच्या वेळचा इतका नव्हता झुंजला. मासे तगडे व्हायला लागलेत, की कर्नल म्हातारा?"

वॉटी हसला. स्कॉटलंडमधल्या स्पे नदीवर साहेबलोकांना सॅमन मासे धरायला नेणं हे त्याचं काम. त्यांच्या गळांवर माशाला भुलवणाऱ्या, पिसांच्या खोट्या माश्या बांधणं हे मावशीचं. तिच्या आईनंही याच टेबलावर तेच केलं होतं.

"कुठल्या डोहात लागला?"

"वरच्या."

"एवढ्या कमी पाण्यात?"

वॉटी अडखळला. "खालच्या म्हणजे. खालच्याच."

"हां, खालच्या." मावशी चिमट्यातल्या गळावर दोरा फिरवू लागली.

रानबदकाच्या पिसाची एक पात डावीकडे, एक उजवीकडे. मिटलेल्या पंखांसारख्या त्या पाठीवर जुळून बसायला हव्यात. एक वर गेली होती, दुसरी खाली लोंबत होती. मावशीला आता तेवढं दिसत नव्हतं.

मार्चमध्ये कर्नलनं तिची माशी दोराला लावून पाहिली आणि वॉटीच्या हातावर परत ठेवली. "पाण्यात आडवी पडते. यापुढे दुसरीकडून आण." वॉटीनं ती डबीत ठेवली, डबी घरच्या कपाटात. त्याच संध्याकाळी त्यानं मावशीला पहिला खोटा मासा सांगितला. चांगला अठरा पौंडांचा. तेव्हापासून दर शनिवारी नवी माशी, नवा मासा, आणि कपाटात आणखी एक डबी.

मावशीची मुलगी तिला आपल्या घरी, ॲबर्डीन शहरात न्यायला टपलेली होती. "माझ्या माश्यांना गिऱ्हाईक आहे तोवर हे टेबल सोडणार नाही," असं मावशी तिला बजावायची. टेबल सुटलं की मावशी फार दिवस काढणार नाही, हे वॉटीला पक्कं ठाऊक होतं.

त्या टेबलाची त्याला जाण होती. बाप पिऊन मारायला धावायचा तेव्हा लहानगा वॉटी त्याच्याच खाली लपायचा. मावशी वर दोरा फिरवत राहायची. "इकडे नाही बाई आला," असं इतक्या साध्या आवाजात सांगायची की बाप निमूट परत जायचा. मग खाली सुपाची वाटी यायची.

"बोटं बरी दिसतात, मावशी," वॉटी म्हणाला. "पूर्वी गळ टोचून टोचून चाळणी झालेली असायची."

"हात शहाणे होतात रे उशिरानं." तिनं पक्कड आणि कानस खणात सारली. माशी स्वतःच कापसावर ठेवली, डबी मिटली. पिसांना कुणी बोट लावलेलं तिला खपत नसे. डबीबरोबर ओटच्या दोन भाकऱ्या फडक्यात बांधल्या. "एक कर्नलला, एक तुला. नाहीतर खा दोन्ही तूच, त्याला कुठले दात!"

दोन्ही नेहमी वॉटीच खायचा.

"आणि त्याला माझे आभार सांग. म्हातारीसाठी एवढं कोण करतं?"

"सांगतो."

"नुसतं 'सांगतो' नको म्हणूस. मनापासून सांग."

वॉटीनं फडकं उचललं. तो घाईनं बाहेर पडला.

सोमवार मोसमाचा शेवटचा दिवस होता. वॉटीनं ठरवलं, आज मावशीच्याच माशीवर एक खरा मासा धरायचा आणि तिच्या ओट्यावर नेऊन ठेवायचा. वाकडे पंख तर वाकडे. एकदा तरी तिला खरं सांगता येईल.

त्यानं शनिवारची डबी उघडली. सवयीनं गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवलं. धारदार टोक नखात रुततं. हे सुळकन घसरलं.

त्यानं माशी उजेडात धरली. टोक पक्कडीनं कापलेलं होतं आणि वर कानस फिरवून गुळगुळीत केलेलं. अशा गळाला मासा लागणंच शक्य नव्हतं.

त्यानं आधीची डबी उघडली. मग तिच्या आधीची. एकेक करत कपाट रिकामं झालं, स्वयंपाकघराचं टेबल माश्यांनी भरलं.

टोक होतं ते फक्त एकीला, कर्नलनं मार्चमध्ये परत केलेल्या पहिल्या माशीला.