सव्वीस इंची दार

"तीन माणसं आणि एक खुर्ची," शिंपी फोनवर म्हणाला. "चाकांची खुर्ची. तुमचं दार किती इंची आहे, तेवढं सांगा."

पलीकडच्या माणसाला दार किती इंची ते ठाऊक नव्हतं. शेतघराला दार आहे, एवढीच खात्री तो देऊ शकत होता. शिंप्याने वहीतलं ते नाव खोडलं. सकाळपासूनचं हे सातवं. मशीनवर एका वकिलाची पँट एका पायाने लोंबकळत होती, पण आज वकील थांबू शकत होता. दोन वर्षांपूर्वी लेकीला अपघात झाला, तेव्हापासून घरातलं कोणी सुट्टीला म्हणून बाहेर पडलं नव्हतं. आता चार दिवस कुठेतरी शेताच्या कडेला, झाडांत, तळ्याजवळ जाऊन राहायचं आणि लेकीला कुठेही अडू द्यायचं नाही, हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

त्यासाठी आधी खुर्ची मोजून झाली होती. काल दुपारी लेक पलंगावर आडवी झालेली असताना त्याने गळ्यातली टेप काढली आणि या चाकापासून त्या चाकापर्यंत लावली. पंचवीस इंच. खात्रीला पुन्हा एकदा लावली.

खरं तर या सातांतली एक जागा जवळजवळ ठरलीच होती. मालकीणबाई बोलायला चोख. तीस इंची दार, उंबरा नाही, न्हाणीघरात धरायला दांडा. पण तळं घरापासून अर्धा किलोमीटर लांब. वाट सपाट आणि फरशांची होती, तरी अर्धा किलोमीटर खुर्ची ढकलत न्यायची, तेवढीच परत आणायची, तीही रोज दोनदा! शिंप्याच्या कमरेने ऐकूनच नकार दिला. तेही नाव खोडलं गेलं.

आठव्या फोनला मात्र नशीब फळफळलं. तळं अंगणालाच लागून. उंबरा नाही, पायरी नाही. दार सव्वीस इंची.

तो वही घेऊन तसाच आत गेला. म्हातारी आई भाजी निवडत होती, बायको कपड्यांच्या घड्या घालत होती, लेक खिडकीशी पुस्तक घेऊन बसली होती.

"ठरलं!" तो लेकीला म्हणाला. "तुला बोटसुद्धा हलवावं लागणार नाही. मी आहे ना ढकलायला."

"आणि मला कोण ढकलणार, ते आधी सांग," म्हातारी म्हणाली.

बायको हसली. लेक हसली नाही. "दार किती आहे, बाबा?"

"सव्वीस."

"मग मी नाही येत."

शिंप्याचा चेहरा पडला. मग त्याला रागही आला. आठ फोन केले, गिऱ्हाइकाची पँट लटकत ठेवली, आणि वर ही म्हणते नाही येत. "अगं, खुर्ची पंचवीस आहे. या हाताने मोजलीय. माझं माप कधी चुकलंय का आजवर?"

ते मात्र खरं होतं. तीस वर्षांत त्याचं माप चुकलं नव्हतं, आणि त्याला कारण होतं. नमुन्याला जुना शर्ट घेऊन आलेलं गिऱ्हाईक तो दारातूनच परत पाठवायचा. 'मापाला शर्ट नको, माणूस आणा,' हे त्याचं वाक्य गल्लीत सगळ्यांना पाठ होतं.

लेकीने पुस्तक मिटलं. तो सवयीने खुर्चीच्या मागे जाऊ लागला.

"ढकलू नका. तिथेच थांबा."

तिने आपल्या हातांनी चाकं फिरवली आणि ती स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. तेही दार सव्वीसचंच. खुर्ची अलगद आत शिरली. चाकांवरचे हात शिरले नाहीत. दोन्ही मुठींची हाडं चौकटीला घासली, आणि घासली नेमकी तिथे, जिथला रंग उडाला होता. तो रंग शिंप्याने वर्षात दोनदा लावला होता आणि दोन्ही वेळा खुर्चीच्या नावाने बोटं मोडली होती. लेकीच्या बोटांवरच्या पट्ट्याही त्याने पाहिल्या होत्या. 'लागलं कुठेतरी,' ती म्हणायची, आणि तो मान डोलवायचा. दिवसभर तो दुकानात, बायको शाळेत शिकवायला, म्हातारीचे गुडघे धरलेले. मग दिवसभर हिला ढकलतं कोण, हा प्रश्न त्याच्या डोक्यात कधी आलाच नव्हता.

"बाबा," ती दारातूनच, मागे न वळता म्हणाली, "तुम्ही शर्ट मोजलात."

म्हातारीच्या हातातली जुडी हातातच राहिली. शिंप्याला स्वतःची लाज वाटली, आणि त्या लाजेतसुद्धा लेकीचं कौतुक वाटलं. त्याने गळ्यातली टेप काढली.

"मागे ये जरा. हात चाकांवर ठेव. रोज ठेवतेस तसे. अंग ताठ करू नकोस." गिऱ्हाइकाशी बोलावं तसा त्याचा आवाज झाला होता. या मुठीपासून त्या मुठीपर्यंत त्याने टेप धरली. साडेअठ्ठावीस.

वहीतलं खोडलेलं नाव त्याने शोधून काढलं आणि तिथेच उभं राहून फोन लावला. मालकीणबाईंनी आवाज ओळखला.

"पण तळ्याची वाट लांब पडते म्हणाला होतात ना?"

"मला पडते," शिंपी म्हणाला. "तिला नाही पडायची."

"बरं तर. लिहून घेते. तीन माणसं आणि एक खुर्ची."

शिंप्याने लेकीकडे पाहिलं. ती बोटावरची सुटलेली पट्टी पुन्हा दाबून बसवत होती.

"नाही हो," तो म्हणाला. "चार माणसं."