सकाळचा पहिला फोटो

पुन्हा लाल.

तेन्मोळीने पडद्यावरचा लाल चौकोन पाहिला आणि कपाळावर हात मारून घेतला. "अक्का, काच पुसली होतीत की नुसतं फडकं दाखवलंत तिला?"

"पुसली हो अम्मा. दोनदा पुसली." पेच्चियम्मा घाईने स्टुलावरून उठली आणि कमरेचं फडकं काढून कॅमेऱ्याकडे वळली. "थांबा, परत पुसते."

"आज नको. इंजिनिअरसार येतायत. काच कशी असते ते त्यांनाच बघू दे."

पेच्चियम्मा फडकं हातात धरून तशीच उभी राहिली.

नल्लूरपट्टीच्या या नेत्रकेंद्रात डॉक्टर नव्हता. तो मदुरैला, बसने अडीच तासांवर. इथे तंत्रज्ञ म्हणून एकटी तेन्मोळी, झाडलोटीला पेच्चियम्मा, आणि दीड महिन्यापूर्वी आलेलं हे यंत्र. ते डोळ्याच्या आतला फोटो काढायचं आणि मिनिटभरात आपणच निकाल द्यायचं. हिरवं म्हणजे घरी जा, लाल म्हणजे मदुरैची बस धरा. शुगरने डोळे जाणारी माणसं गावोगाव इतकी झाली होती, की प्रत्येकाच्या डोळ्यात डोकवायला डॉक्टर आणायचे कुठून?

केंद्र उघडलं की आधी चाचणीचा एक फोटो काढायचा, असा नियम होता. त्या फोटोला नाव नाही, नोंद नाही. तो मदुरैला जात नाही, लगेच खोडला जातो. डोळा कोणाचाही चालतो, आणि त्या वेळी हाताशी असायची पेच्चियम्मा. "सिनेमातल्या नटीचेसुद्धा एवढे फोटो निघत नसतील," म्हणत ती रोज हौसेने बसायची. फोटो रोज लाल यायचा. मग ती काच पुन्हा पुसायची, आणि त्यानंतर पेशंटांचे फोटो नीट यायचे. कोणी हिरवा, कोणी लाल. पेच्चियम्माच्या नजरेबद्दल तर शंकाच नको. रस्त्यापलीकडच्या बसची पाटी ती दारातून वाचायची. तेव्हा दोष काचेवरच्या धुळीचा, आणि धुळीचा दोष पेच्चियम्माचा. हिशेब सरळ होता.

तेन्मोळी मनाची वाईट नव्हती, पण फार दमली होती. दिवसाला साठ-सत्तर माणसं आणि ती एकटी. त्यातच करुप्पय्या नावाच्या म्हाताऱ्याला यंत्राने लाल दाखवलं. तो काम बुडवून मदुरैला गेला, तर तिथे म्हणाले, काही नाही झालेलं. परत येऊन भर बस स्टँडवर तो तिच्यावर ओरडला, "तुझं यंत्रच आंधळं आहे! आधी त्याचं ऑपरेशन कर!" लोक फिदीफिदी हसले. त्या संध्याकाळी तिने मदुरैला कळवून टाकलं की काच नीट पुसली जात नाही. तिकडून उत्तर आलं, की इंजिनिअर येऊन बघेल, आणि धूळ निघाली तर दुसरी बाई नेमू.

हे पेच्चियम्माला माहीत होतं. नवरा वारल्यापासून तिचं घर या एका नोकरीवर उभं होतं. रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

अकराच्या सुमाराला इंजिनिअर जेबराज आला. त्याने पाणीसुद्धा घेतलं नाही. काचेला हात न लावता तो स्वतःच स्टुलावर बसला आणि म्हणाला, "काढा."

हिरवं.

"आता तुम्ही बसा, मॅडम."

तेन्मोळी बसली. हिरवं.

"आता या अक्का."

पेच्चियम्माने हनुवटी पट्टीवर टेकवली. डावा डोळा लाल. उजवा डोळाही लाल.

जेबराजने पडदा तेन्मोळीकडे वळवला. तेन्मोळीने पहिल्यांदाच चौकोन सोडून फोटोकडे पाहिलं. आत बारीक रक्ताचे ठिपके होते, एका कडेला नव्या, वेड्यावाकड्या शिरांचं जाळं होतं. दुसऱ्यांच्या डोळ्यांत तिने हे शेकडो वेळा पाहिलं होतं. आपल्याच घरातल्या माणसाच्या डोळ्यात पाहायचं राहून गेलं होतं.

तिने फोटोला नाव दिलं, पेच्चियम्मा, वय चौपन्न, आणि तो मदुरैला पाठवला. दहा मिनिटांत डॉक्टरांचा फोन आला.

"शुगर आहे यांना, आणि खूप दिवसांची. आत रक्त उतरायला लागलंय. नजर शेवटपर्यंत चांगली राहते, म्हणून तर हा रोग फसवतो. आजच पाठवा. महिनाभर आधी आल्या असत्या तर नुसत्या लेसरवर भागलं असतं. आता उजवा वाचेल, डाव्याचं काही सांगता येत नाही. आधी कधी तपासलं नव्हतं का?"

"तपासलं होतं, सार." तेन्मोळी म्हणाली. "रोज तपासलं होतं."

फोन ठेवून ती पेच्चियम्मासमोर खाली जमिनीवर बसली. तिचा हात हातात घेऊन तिने सगळं सांगितलं. शुगर, रक्त, डावा डोळा, दुपारची बस. सांगता सांगता तिला रडू आवरेना. "चुकलं माझं, अक्का. फार मोठी चूक झाली."

पेच्चियम्माने सगळं नीट ऐकून घेतलं. मग तिने मुठीतल्या फडक्याची घडी घातली, कॅमेऱ्याकडे एकदा पाहिलं आणि हळूच विचारलं,

"म्हणजे अम्मा, काच स्वच्छ होती ना?"